टकल्या बागेचा नकाशा

संग्रहालयात नव्यानंच आलेल्या साहेबांनी नकाशा गुंडाळून परत दिला, तेव्हा थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या वडिलांनी जन्मभर बागा आखल्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या बागेचा नकाशा इथं जपला जावा, एवढंच तिचं मागणं. म्हातारा नव्वदीला टेकलेला. हे त्याच्या डोळ्यांदेखत व्हायला नको?

"प्रत्यक्षात झालेल्या बागांचेच नकाशे आम्ही ठेवतो," साहेब म्हणाले. "ही अशी झालीच नाही. हा उद्घाटनाचा फोटो बघा, नुसतं माळरान! आणि कागदावर म्हणे गच्च सावली."

"अहो, बाबा नकाशात रोपं काढायचेच नाहीत! झाड पुरं वाढल्यावर जेवढं होईल, तेवढं काढायचे. म्हणून तर रोपं लांब लांब लावली."

त्यापायीच तर चाळीस वर्षांपूर्वी उद्घाटनाला लोक पोट धरून हसले होते. 'टकली बाग' हे नाव गावभर झालं, हातातली कामं गेली, आणि बाबांनी त्या फाटकात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

"उठा," थोरली म्हणाली. "बाग हाकेच्या अंतरावर आहे, आणि तुमच्या पायाला काही मेंदी लावलेली नाही."

वाटेत तिनं घरातून बाबांनाही चाकाच्या खुर्चीत बसवून घेतलं. "नको गं, परत हसतील," ते म्हणत राहिले. तिनं ऐकलं असेल तर शपथ!

भर दुपार होती. साहेब नकाशा उलगडून पहिल्या झाडाखाली गेले. कागदावर दोन सावल्या जिथं एकमेकींना टेकत होत्या, तिथंच त्या जमिनीवरही टेकल्या होत्या. मधे ऊन ठेवलं होतं, तिथं ऊनच होतं आणि त्यात पोरं चेंडू खेळत होती. एका बाकावर एक बाई गाढ झोपली होती. साहेब दुसऱ्या झाडाखाली गेले, तिसऱ्या, मग चक्क पळायलाच लागले.

"अहो, जुळतंय! सगळं जुळतंय!"

"मग! टकली म्हणत होते मेले!" थोरली ओरडली आणि तिला रडूच फुटलं.

बाबा कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी नकाशा मांडीवर घेतला आणि पेन्सिल मागितली. "कोपऱ्यातलं हे झाड माझ्या अंदाजापेक्षा थोराड झालंय. दुरुस्त करतो."

साहेब धावत आले. "हात लावायचा नाही, आजोबा! हा कागद आता संग्रहालयाचा आहे!"

"ऐकलंस का गं?" म्हातारा लेकीला म्हणाला. त्याचा आनंद गगनात मावेना. "दटावतायत मला!"