मुख्य चालक कोण?

मोखेलेगुरुजींच्या गाडीचा विमा यंदाही वाढला आणि मांगाउंग शहरातल्या त्यांच्या घरात सकाळपासून आदळआपट सुरू झाली. शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. तोही स्पीकरवर! नवरा कसा खडसावतो ते बायकोलाही ऐकू जायला नको?

पण पलीकडची मुलगी भलतीच गोड निघाली, 'न्ताते', म्हणजे बाबा, म्हणूनच बोलायला लागली. "न्ताते, चोऱ्या वाढल्यात, सुटे भाग महागलेत. शिवाय तुमचे दोन क्लेम. चर्चचं फाटक, मग दवाखान्यापुढचा खांब."

"खांब चुकीच्या जागी होता!"

"असेलही, न्ताते. ट्रॅकर बसवा, गाडी रात्री कुलपात ठेवा, थोडं कमी होईल. आणि तुमच्या मिसेसकडे लायसन्स आहे, त्यांचा एकही क्लेम नाही. मुख्य चालक म्हणून त्यांना लावलं तर हप्ता बराच उतरेल. मात्र गाडी खरंच त्यांनी चालवायला हवी. उद्या काही झालं आणि तुम्हीच चालवता असं निघालं, तर एक रँडही मिळायचा नाही."

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. निवृत्तीनंतर शाळा सुटली, मुलं दूर गेली, पण गाडीत बसले की गल्ली अजून हात उंचावून त्यांना सलाम करायची. ती जागा सोडायची?

त्यांच्या बायकोला त्यांचा तो चेहरा बघवेना; थोरल्या खोत्सोच्या नावावरून सगळे तिला माखोत्सो, म्हणजे खोत्सोची आई, म्हणत. तिनं फोनवर हात दाबला. "अहो, द्या ठोकून माझं नाव! चालवा तुम्हीच. कोण बघायला येतंय?"

गुरुजींनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"बाळ, लिहून घे. यापुढे हीच चालवणार. आणि खरं सांगू? दोन वर्षं हीच चालवतेय. डावीकडून बस आली, पुढे खड्डा आहे, लाल दिवा लागला, सगळं ही सांगते. मला नीट दिसतंय कुठे! मी आपलं नुसतं चाक फिरवतो. आणि ही बया कुणाजवळ चकार शब्द बोलली नाही. माझ्याजवळसुद्धा नाही गं."

माखोत्सोनं डोक्याचा रुमाल सोडून डोळ्यांना लावला.

"त्यांचं पूर्ण नाव, न्ताते?" मुलीनं हळूच विचारलं.

"पुसेलेत्सो मोखेले," गुरुजींनी वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत सांगितलं. मग किल्ली बायकोच्या हातात ठेवून दटावलं, "मी शेजारी बसून एक अक्षर बोलणार नाही, सांगून ठेवतो."

"बोला हो," ती रडता रडता हसली. "तुम्ही गप्प बसलात तर मी भांडू कुणाशी?"