बिनपूजेची सायकल

टप्प.

महानवमीची दुपार होती. जेवणं उरकून सारं घर निजलं होतं आणि त्या सामसुमीत एवढाच आवाज झाला. स्कूटरच्या चाकाखाली ठेवायची राहिलेली लिंबं तिच्या पायठेवणीवर होती. त्यातलं एक खाली पडलं, व्हरांड्याच्या उतारावरून गडगडत आलं आणि माझ्या पुढच्या चाकाला टेकून थांबलं.

त्या वर्षीच्या आयुधपूजेतला माझा वाटा म्हणाल तर तेवढाच.

मित्रांनो, मी सायकल. काळ्या रंगाची, उंच हँडलची, आता अंगावर जागोजागी रंग उडालेली. आमचं बिऱ्हाड बेंगळूरला मल्लेश्वरममध्ये, बाजारापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या शेजारी व्हरांड्यात जी नटून उभी होती ती हयवदनची स्कूटर. तिच्या गळ्यात शेवंतीचा हार, कपाळाला गंध, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. मी आपली कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी केलेली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

तुम्हाला वाटेल मला तिचा हेवा वाटत होता. छे! जिला सुरू व्हायच्या आधी रोज सकाळी कुशीवर कलवावं लागतं, जिला दहा लाथा खाल्ल्याशिवाय जाग येत नाही, जी जागी झाली की सगळ्या गल्लीच्या नाकात धूर सोडते, तिचा हेवा मी करीन होय? पावसाचे चार थेंब पडले की ती शिंकते आणि थांबते. मी असल्या पावसात चिखल तुडवत घरी आले आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. सुट्या भागांच्या रूपाने, गवतात गुंडाळून, पेटीतून मी बेंगळूरला आले. बळेपेटेतल्या एका दुकानात मला जोडलं, चाकं फिरवून पाहिली, घंटी वाजवून पाहिली. तिथून मला घेतलं रघुपतीने. तो तेव्हा यशवंतपुराच्या पुढच्या कारखान्यात नुकताच लागला होता. सकाळी भोंगा व्हायच्या आत आम्ही दोघं पोचायचो. आमच्या मागेपुढे शेकडो सायकली असत. दर हँडलला एक डबा, दर दांडीला एक छत्री. त्या गर्दीत कोणी मोठा नव्हता, कोणी धाकटा नव्हता. पुढे जायचं असलं की घंटी वाजवायची आणि पुढचा म्हणायचा, "सरी, होगी." म्हणजे बरं, जा. एवढंच.

मग रघुपतीचं लग्न झालं आणि पद्मावती घरात आली.

ती आली त्याच आठवड्यात त्या दोघांनी एक नियम केला. मी स्वतः ऐकला आहे, कारण तो माझ्यासमोरच ठरला. बाजारातून येताना पद्मावती म्हणाली, "अहो, आपण असं करू या का? सायकलवर येईल तेवढंच घरात आणायचं. जे सायकलवर मावणार नाही ते आपल्याला नको."

"आणि कपाट?" रघुपतीने विचारलं.

"खुंट्या आहेत की."

झालं. त्या दिवसापासून मी या संसाराचं माप झाले. तांदूळ आले, नारळ आले, पाट-पोळपाट आले. शिलाई मशीन आलं, ते मात्र दोन खेपांत, आधी डोकं आणि मग पाय. रेडिओ आला तेव्हा रघुपती मला हातात धरून चालत होता आणि पद्मावती मागून रेडिओ धरून, बाळंतिणीसारखी हळूहळू. पुढे क्षमा झाली. तिचा पाळणाही माझ्याच कॅरिअरवरून आला आणि ती बसायला लागली तेव्हा माझ्या पुढच्या दांडीवर तिची छोटीशी सीट लागली.

रविवारी आम्ही सँकी टँकच्या तळ्याकाठी जायचो. पुढे क्षमा, मधे रघुपती, मागे पद्मावती. आता सायकलवर डबल्स बसायला पोलिसांची मनाई. म्हणून चौक आला की पद्मावती उतरायची, पोलीस देवाप्पाच्या समोरून पदर सावरत साळसूदपणे चालत जायची आणि वळणापलीकडे पुन्हा बसायची. पद्मावतीला अक्का म्हणणाऱ्या देवाप्पाला सगळं ठाऊक होतं. तो मुद्दाम आभाळाकडे बघत बसायचा.

हयवदन हा रघुपतीचा धाकटा भाऊ. बँकेत कारकून, पण चालण्यात मॅनेजरसाहेब. त्याला आमचं हसू यायचं. "वहिनी, हा संसार आहे की टपाल? कॅरिअरवर बांधलं की आलं!" असं तो चारचौघांत म्हणायचा. पद्मावती हसून सोडून द्यायची. मी सोडून दिलेलं नाही.

त्याने स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं. वर्षामागून वर्षं गेली आणि एकदाचा नंबर लागला. मुलगा झाल्यासारखे पेढे वाटले. दोघांची आई, गोदूबाई, स्कूटरवर बसून देवळात जाऊन आल्या आणि भाजीवालीलाही सांगून आल्या. स्कूटरला रात्री पांघरूण मिळू लागलं. मला पावसाची झड लागत होती ती लागतच राहिली. फक्त पद्मावती शुक्रवारी, क्षमाला न्हाऊ घातल्यावर, मिळेल त्या पाच मिनिटांत माझ्या चेनला तेल द्यायची आणि चाकांत हवा भरायची. तिला कोणी बघत नव्हतं. म्हणूनच ती ते करत असावी.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात हयवदन जेवताना म्हणाला, "अण्णा, कारखान्यात तुम्ही आता वरच्या जागेवर आलात. सायकलवरून जाणं शोभत नाही. मी सोडत जाईन तुम्हाला स्कूटरवर. ती गंजकी दसरा झाला की गुजरीत टाकून देऊ." गुजरी म्हणजे मोड. मित्रांनो, माझी चाकं इकडे आणि हाडं तिकडे.

रघुपती ताटाकडे बघत राहिला. त्याला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जन्माचा दोष.

"शिवाय," हयवदन म्हणाला, "दिवाणखान्यात सोफासेट सांगितला आहे. लॉरीने येईल. जुन्या खुर्च्या ठेवायला व्हरांड्यातला तो कोपरा लागेल."

"भाऊजी," पद्मावती वाढता वाढता थांबली, "सायकल गेली की आमचं माप जाईल. आज सोफा, उद्या आणखी काही. मग हे घर थांबणार कुठे?"

"थांबायचं कशाला? पुढं जायचं!" हयवदन म्हणाला. गोदूबाई म्हणाल्या, "त्याचं खरं आहे ग. लोक काय म्हणतात माहीत आहे? सायकलवाल्या रावांचं घर म्हणतात." पद्मावती आत निघून गेली. मग भांडी जरा जास्त जोरात वाजली.

महानवमी आली. रघुपती पहाटेच कारखान्याच्या बसने गेला. तिथल्या यंत्रांची पूजा होती आणि प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पोती सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. इकडे घरी शिलाई मशीनची पूजा झाली, कात्रीची झाली, क्षमाच्या पाटी-पुस्तकांची झाली. पुस्तकं पूजेत, म्हणजे अभ्यास नाही, म्हणून क्षमा नाचत होती. मग स्कूटरची झाली. पद्मावती गंधाची वाटी घेऊन माझ्याकडे वळली तेव्हा हयवदन म्हणाला, "वहिनी, मोडीत जाणाऱ्या वस्तूला कशाला गंध? फुकट."

"स्वल्प लावते," पद्मावती म्हणाली. थोडंसंच.

"नको ग," गोदूबाई म्हणाल्या. "पूजा केली तर उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवता येणार नाही. उगाच कोपरा अडेल."

वाटी परत गेली. मी भिंतीकडे बघत होते. भिंतीला पोपडे आले होते, तेवढंच आठवतं.

आणि दुपारी ते लिंबू पडलं.

त्या आवाजाने पद्मावतीला जाग आली आणि तिच्या कानावर दुसरा आवाज पडला. गोदूबाईंच्या छातीतला. त्यांना दमा होता, पण असा घुसमटणारा श्वास आजवर कोणी ऐकला नव्हता. त्या उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गादीवर रोवून, आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते.

"भाऊजी! उठा! डॉक्टरांना आणा!"

डॉक्टर भीमाचार्य शेषाद्रिपुरमला राहत. हयवदन सोवळ्याच्या रेशमी धोतरातच धावत व्हरांड्यात आला आणि त्याने स्कूटरच्या हाराला हात घातला. आतून गोदूबाईंनी ते पाहिलं. तोंडातून शब्द निघेना, पण हात हलला. नाही. नाही. पूजेतलं हलवू नको.

"सासूबाई, जीव मोठा की पूजा?" पद्मावती कळवळून म्हणाली. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा मान हलवली. हयवदनचा हात हारावरून खाली आला. तोही त्यांचाच मुलगा. पूजेतली वस्तू हलवली की अपघात होतो, हे त्याने त्यांच्याच मांडीवर ऐकलेलं.

तो कोपऱ्यापर्यंत पळत गेला आणि धापा टाकत परत आला. "जटका नाही, ऑटो नाही. सगळ्यांच्या गळ्यात हार! घोड्याच्यासुद्धा!"

बघा मित्रांनो. अख्ख्या बेंगळूरची चाकं त्या दुपारी देव होऊन बसली होती. पेढे वाटून आणलेली, पांघरूण घालून निजवलेली ती स्कूटर, तिच्या अंगावर माशी बसली होती आणि ती हलत नव्हती.

पद्मावतीने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "सायकलची पूजा झालेली नाही."

हयवदनने कोपऱ्यातून मला ओढली. माझ्या चाकांत हवा कडक होती, चेन मऊ फिरत होती. शुक्रवार नुकताच झाला होता ना.

"थांबा!" पद्मावती रघुपतीच्या पॅंटच्या क्लिपा घेऊन आली आणि वाकून तिने त्या दिराच्या धोतराला लावल्या. "नाही तर चेन खाईल धोतर."

खरं सांगते, मला ते धोतर खायचं होतं. टपाल म्हणतो काय! एक काठ मिळाला असता तरी मी सगळा सोगा ओढून त्याला चौकात उघडा पाडला असता. पण आत गोदूबाईंचा श्वास वाजत होता. मी गपगुमान पळाले. बसणारा डुगडुगत होता, ब्रेक चुकीच्या वेळी दाबत होता, घंटीऐवजी तोंडाने "हो हो हो" करत होता. उतार संपेपर्यंत त्याचा सारा रुबाब गळून गेला होता.

डॉक्टर दारातच भेटले. त्यांच्या मोटारीपुढे कोहळा फोडलेला.

"आमची गाडी आज देव आहे," डॉक्टर म्हणाले. "हात लावला तर आमच्या आईसाहेब मलाच आजारी पाडतील. तुझी स्कूटर कुठे?"

"तीही देव आहे."

"आणि ही?"

हयवदनने माझ्या सीटकडे पाहिलं. "हिची... हिची पूजा राहून गेली."

"नशीब तुझं," म्हणत डॉक्टर बॅग पोटाशी धरून कॅरिअरवर बसले. वजनदार मनुष्य. वाट चढाची. हयवदन दात खाऊन पेडल मारत होता, त्याच्या तोंडाला फेस आला होता. चौकात शिट्टी वाजली.

"डबल्स! इळीरी! उतरा खाली!" देवाप्पा हात आडवा करून पुढे आला. मग त्याने मला पाहिलं. माझ्या दांडीवरची छोटी सीट पाहिली, डॉक्टरांची बॅग पाहिली. "अरे, ही तर अक्कांची सायकल! अक्का बऱ्या आहेत ना?"

"आई... आजारी..." हयवदनला पुढचं बोलवेना.

देवाप्पाने बाजूला होऊन आभाळाकडे पाहिलं. "होगी, होगी."

इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळाने गोदूबाईंच्या ओठांचा रंग परतला. डॉक्टर जाताना म्हणाले, "आणखी उशीर व्हायला नको होता." एवढंच म्हणाले. पण ते ऐकून हयवदन व्हरांड्यात आला आणि माझ्या शेजारी पायरीवर, धोतराला क्लिपा तशाच, कितीतरी वेळ बसून राहिला.

संध्याकाळी रघुपती चुरमुरे घेऊन आला. त्याला सगळं कळलं. हयवदन गंधाची वाटी घेऊन उठला. "अण्णा, हिची पूजा करायची राहिली आहे."

"ठेव ती वाटी," आतून गोदूबाईंचा आवाज आला, बारीक पण ठाम. "हिची पूजा कधीच करायची नाही. घरात एक तरी चाक मोकळं असू दे. आणि गुजरीचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही."

"बरं. आणि सोफा, आई?" हयवदनने विचारलं.

"आण की. सायकलवरून आण."

पद्मावतीने पदर तोंडाला लावला. हसू लपवायला, आणि कदाचित नुसतं हसू नसेलही.

तर मित्रांनो, त्याला आता काही वर्षं झाली. सोफा अजून यायचा आहे. मी अजून व्हरांड्यात आहे, पण तोंड रस्त्याकडे करून. वर्षातून एकदा हार घालणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याबद्दल माझं मत मी लपवलेलं नाही. तुमच्या घरी कोणी माझ्यासारखी कोपऱ्यात उभी असेल तर तिला गंध लावू नका. चेनला दोन थेंब तेल द्या, चाकात हवा भरा, आणि पावसात आत घ्या.

इथेच थांबणार होते. पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

सगळ्यांची जेवणं झाली होती. पद्मावतीचं व्हायचं होतं. ती व्हरांड्यात येऊन माझ्या चाकांवरचा चिखल पुसत होती. क्षमा शेजारी बसून ते गडगडत आलेलं लिंबू हातात फिरवत होती.

"आई, माझ्या पुस्तकांची पूजा झाली म्हणून त्यांना आज सुट्टी ना?"

"हो."

"स्कूटरला पण सुट्टी. कात्रीला पण."

"हो ग."

"आणि सायकलची पूजा नाही, म्हणून तिला सुट्टी नाही."

"बरोबर."

क्षमाने लिंबू आईच्या पायाशी, अगदी अंगठ्याला टेकवून ठेवलं.

"मग तुझी पूजा कधी करतात, आई?"

पद्मावतीने फडकं झटकलं आणि माझं दुसरं चाक पुसायला घेतलं.