उतारावरचा उसाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना उसाचा डबा आहे आणि मी उतारावर उभा आहे. उतार इतका थोडा आहे की डोळ्यांना दिसत नाही. चाकांना मात्र तो कळतो.

बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी सांगाडा, चार ओतीव चाके, बाजूंना उभे गज आणि मागे ब्रेकची गोल मूठ. मूठ फिरवली की लोखंडाचा एक ठोकळा चाकावर घट्ट दाबला जाई. कारखान्याची स्वतःची छोटी रेल्वे होती. हंगामात इंजिन आम्हा डब्यांची माळ शेतांतून ओढत आवारात आणी. तिथून पुढचा रूळ मुद्दामच उतरता घातलेला होता. एकेक डबा सुटा केला की तो आपल्याच वजनाने खाली गव्हाणीकडे निघे. गव्हाण म्हणजे ऊस गिळणारा मोठा खड्डा. ब्रेकवाला मागे उभा राहून मला बरोबर काठावर थांबवी. "शहाना हाय ह्यो डबा," लोक म्हणत, "सांगितल्या जागी थांबतो."

पुढे ट्रक आले. रेल्वे बंद पडली आणि काही वर्षांनी कारखानाही. इंजिने गेली, रूळ उखडले गेले. उतारावरचा हा तुकडा तेवढा राहिला, कारण त्याच्यावर मी होतो आणि मी हलत नव्हतो. गंजाने माझी चाके धरून ठेवली होती. किती पावसाळे गेले, कोणी विचारपूस केली नाही.

मग ही माणसे आली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या धनश्रीताई आणि बँकेतून निवृत्त झालेले शलमोनकाका. काकांचे वडील याच रेल्वेत ब्रेकवाले होते. त्यांच्यासोबत आणखी काही जण रविवारी येत आणि पदरमोड करून काम करत. जागेच्या नव्या मालकाचा माणूस अमृत त्यांना बजावून गेला होता, "मॅडम, जागा मोकळी करायचीय. हंगामाच्या तोंडापर्यंत डबा बघन्यासारखा करा. शेठनं माझ्यावर सोपवलंय. न्हाई आवडला तर गॅस कटरवाल्याला सांगून ठेवलंय."

त्यामुळे सगळ्यांना घाई होती. तारेच्या ब्रशने गंज खरवडला गेला. मला लाल रंग लागला. शलमोनकाका तेलाची बाटली घेऊन चाकाशी बसले.

"कंजुषी नको ताई. लई वर्सांचा तहानलेला हाय."

चाकांच्या आसांना तेल पाजता पाजता त्यांनी ब्रेकच्या ठोकळ्यालाही पाजले. ताईंनी ते पाहिले आणि हसून दुसरी बाटली पुढे केली. मग रूळ झाडले गेले. चाकांपुढे रुतलेले दगड कचरा समजून लांब फेकले गेले. मला ओरडता येत असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. आता मला धरून ठेवणारा एक ब्रेक उरला होता, आणि तो तेलाने माखलेला होता.

हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणीत पहिली मोळी टाकायची, ही इथली रीत. कारखाना बंद असला तरी यंदा ती पाळायची असे ठरले. मोळीचा मान रंगुबाईंना दिला होता. त्यांनी तरुणपणी माझ्यात ऊस भरला होता. गव्हाणीच्या काठाशी, रुळांच्या मधोमध बसून त्या उसाच्या पाल्याने मोळी बांधत होत्या. पाठ माझ्याकडे होती.

"आजी, तिथं कशाला बसलात?" ताईंनी विचारले.

"मग कुटं बसू? समदी हयात हितंच मोळ्या बांदल्यात म्या!"

वर माझ्यात शोभेपुरता ऊस भरणे चालू होते. कोणीतरी एक मोळी खांद्यावरून धाडकन आत टाकली.

मी हललो.

आधी बोटभर. कोणाच्या लक्षात आले नाही. मग चाके कुरकुरली आणि काका वळले. त्यांनी मागच्या पायरीवर उडी घेऊन मूठ आवळली. "धरंना! ताई, ब्रेक धरंना!"

"आजी, उठा!"

रंगुबाईंनी वळून पाहिले. एक हात जमिनीला टेकला, पण गुडघे उचलेनात.

मी थांबायचा प्रयत्न केला, असे म्हणणे खोटे ठरेल. डब्याला प्रयत्न करता येत नाही. उतार सांगेल तसे जावे लागते.

ताई माझ्या बाजूने धावत पुढे गेल्या. त्यांनी रंगुबाईंच्या मांडीवरची मोळी ओढून रुळांवर आडवी टाकली. माझी चाके तिच्यावर चढली. कांडी कडाकडा मोडली, रस उडाला, पाला आसात गुरफटला आणि मी थांबलो. रंगुबाईंचा पदर माझ्या पुढच्या पट्टीला लागला होता.

आधी रंगुबाईच म्हणाल्या, "अगं बया, गव्हानीत मोळी टाकायची हुती. मला न्हवं!"

अमृत पळत आला. "पोरं चढली व्हती का वर?"

हो म्हटले असते तर सारे निभावले असते. ताई म्हणाल्या, "नाही. ब्रेकला तेल लागलं होतं. मी पाहिलं, तरी थांबवलं नाही. चाकापुढचे दगडही आम्हीच काढले."

"तेल म्या घातलं," काका खाली मान घालून म्हणाले.

"म्हंजी रंगवला झ्याक, आन् थांबवायचं इसरलात!" अमृतने स्वतः दगड आणून माझ्या चाकांपुढे ठोकले. "फुडल्या रविवारी टेम्पो घिऊनच येतो. उतारावर सोडून बघनार. थांबला तर ऱ्हाईल. न्हाई तर तुकडं."

त्या आठवड्यात कोणी रंगाला हात लावला नाही. ताईंनी आणि काकांनी रॉकेलच्या फडक्याने ठोकळा पुसला, कानसीने घासला आणि कोरडा ठाक केला.

रविवारी गॅस कटरचा टेम्पो फाटकाशी उभा राहिला. मला ओढून पुन्हा उतारावर वर नेले होते आणि ब्रेक चुकलाच तर म्हणून माझ्या मागे जाड दोर बांधला होता. खालचा रूळ मोकळा ठेवला होता. ताईंनी दगड काढले. काकांनी मूठ सैल केली. मी निघालो, वेग घेऊ लागलो. मग काकांनी मूठ फिरवून आवळली. ठोकळा चाकावर बसला, कर्कश ओरडला, आणि दोर ताणला जायच्या आत मी थांबलो.

अमृतचा विश्वास बसेना. त्याने मागून खांदा लावला. मग कटरवाल्यालाच हाक मारली. दोघांनी रेटा दिला.

"हलंना की वो!" कटरवाला धापा टाकत म्हणाला.

"मग जा मोकळा," अमृत म्हणाला.

टेम्पो रिकामा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जागचा हललो नाही, म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जीव जरूर लावा. पण गंज पुसण्याआधी नीट पाहा, त्या गंजाने काय धरून ठेवले आहे. ते आधी आपल्या हातात घ्या, मगच पुसा.