गाडीत ओरडायचं नाही

मी शिकाऊ गाडी बोलतेय. हो, तीच. जी चौकाच्या मधोमध बंद पडते आणि जिच्यामागे तुम्ही सगळे मिळून हॉर्न वाजवता ती. पाठीवर पाटी, दोन्ही दारांना पोचे, आणि पोटात एक ब्रेक जास्त. तो जास्तीचा ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो. दर दहा पावलांवर तो दाबला जातो, तेव्हा माझ्या जिवाचं काय होतं ते मलाच ठाऊक.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी दिसायला देखणी होते. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. माझे पहिले मालक रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसायचे, मला राणी म्हणायचे. त्यांच्या बायकोने काच खाली करायला नुसता हात लावला की म्हणायचे, "राहू दे, मोडशील." गाडीला राणी आणि बायकोला राहू दे! मला काही ते पटायचं नाही, पण गाडीला विचारतो कोण?

पुढे त्यांनी नवी राणी आणली आणि मला ड्रायव्हिंग स्कूलला विकलं. तिथे माझ्या अब्रूचं खोबरं झालं. शिकणाऱ्यांनी माझे गिअर ओरबाडले आणि शिकवणाऱ्यांनी ओरडून ओरडून माझ्या काचा सैल केल्या. भंगारात जायच्या बेतात होते, तेवढ्यात ताईंनी मला स्वस्तात उचललं.

ताई एक संस्था चालवतात. नवऱ्याचा मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायका तिथे मुलांना घेऊन राहतात, एखादं काम शिकतात, नोकरी धरतात आणि स्वतःची खोली घेऊन निघून जातात. कोणी वायरिंग शिकतं, कोणी कॉम्प्युटर. ताईंचं म्हणणं एवढंच असतं, "परत त्या दारात उभं राहावं लागू नये इतके पैसे हिचे हिला मिळू देत. भाषणं मग करू."

गाडी शिकवायला त्यांनी मामांना बोलावलं. मामांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेली. इंजिनाच्या वर आवाज चढवून चढवून त्यांचा गळा कायमचा तिथेच राहिला होता.

"मामा, एकच नियम आहे," ताई म्हणाल्या. "या गाडीत ओरडायचं नाही. आमच्या बायकांनी ते पुरेसं ऐकलंय."

"मी कुठे ओरडतो? माझा आवाजच असा आहे!" मामा ओरडले.

ताईंनी माझ्या कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा ठेवला. ओरडावंसं वाटलं की गोळी तोंडात टाकायची, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात डबा रिकामा झाला आणि मामांची दाढ दुखायला लागली.

मग ती आली. तिचं खरं नाव संस्थेत सगळ्यांना माहीत होतं, पण मी मनातल्या मनात तिला 'करू का' म्हणायचे. कारण विचारल्याशिवाय ती श्वाससुद्धा घेत नसे.

"दार लावू का?"

"लाव की."

"पट्टा लावू का?"

"लाव."

"हा आरसा जरा हलवला तर चालेल का?"

"अगं, तो तुझाच आरसा आहे. मला त्यात नुसतं माझं नाक दिसतंय."

दुसरा गिअर टाकू का, तिसरा टाकू का, वळू का. मामा "हो" म्हणेपर्यंत वळण मागे गेलेलं असायचं. मग आम्ही पुढच्या चौकातून फिरून परत यायचो. त्या महिन्यात मी इतकं पेट्रोल प्यायले की ताईंनी मला झडती घेतल्यासारखं पुढून मागून तपासलं.

एकदा मामांचा आवाज चुकून चढला. "अगं ए, क्लच!" एवढंच म्हणाले. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि कोपर वर करून तोंड झाकलं. मी तिथेच बंद पडले. मामांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवसापासून ते गाडीत बसायच्या आधीच गोळी तोंडात टाकायला लागले.

हळूहळू तिचा हात बसला. गाडी ती छान चालवायची, मी उगाच कौतुक करणाऱ्यातली नव्हे. फक्त एक गोष्ट तिला काही केल्या जमेना. ती हॉर्न वाजवायचीच नाही. एकदा रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा झोपला होता. ती थांबली. कुत्रा कूस बदलून परत झोपला. ही थांबलेलीच.

"वाजव," मामा गोळी चघळत म्हणाले.

"त्याची झोप मोडेल हो."

मागच्या सीटवर तिची मुलगी होती. ती काच खाली करून म्हणाली, "आई, मी कुत्र्याला विचारून येऊ का?"

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! एवढा खणखणीत आवाज आहे मला, आणि ही माझ्या तोंडाला कुलूप लावून बसलेली.

दरम्यान बेकरीवाल्या बाईंना ब्रेड पोचवायच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता. पगार मायलेकींच्या खोलीला आणि शाळेला पुरेल असा. "महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते," त्या म्हणाल्या, "पण लायसन्स आण बाई." आणि तिकडून नवऱ्याचे मेसेज चालूच होते. झालं गेलं विसर, घरी ये, तुला बाहेर कोण उभं करणार?

पहिल्या परीक्षेला आरटीओचे साहेब शेजारी बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात समोरचा हातगाडीवाला पाठमोरा मागे मागे यायला लागला. एक हॉर्न पुरला असता. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसती बघत राहिली, आणि हातगाडी येऊन माझ्या तोंडावर आदळली. माझा डावा दिवा फुटला, हॉर्नचं बटणही ढिलं झालं.

"हॉर्न का नाही वाजवलात?" साहेबांनी विचारलं.

"त्याला राग आला असता तर?"

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि नापास लिहिलं.

परत येताना ती एका झाडाखाली थांबली. इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाली, "मामा, मी परत घरी जाऊ का?"

माझ्या तेलाचं पाणी झालं. मामांनी दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, तरी आवाज घोगराच निघाला.

"गिअरचं मला विचार, आरशाचं विचार. हे नको विचारूस, पोरी. हे तुझं तू ठरव."

तिने किल्ली फिरवली आणि मला संस्थेत परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडकं घेऊन आली, माझी काच पुसली आणि दार उघडून बसली. दार लावू का, असं विचारलं नाही. मी मनातून उडीच मारली.

महिना संपत आला तशी दुसरी परीक्षा आली. आम्ही आरटीओच्या फाटकाजवळ पोचलो, आणि समोर तो उभा. तिचा नवरा. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. चारचौघांत फार गोड माणूस म्हणे. त्याने पुढे येऊन माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"पुरे झाली नाटकं," तो हळू आवाजात म्हणाला. "उतर खाली. घरी चल."

मामा नेमके त्या क्षणी निकामी होते. परीक्षेच्या काळजीने त्यांनी मूठभर गोळ्या तोंडात कोंबल्या होत्या. "म्म! म्मम!" करत ते पट्टा ओढत होते आणि पट्टा निघत नव्हता.

 तिचा पाय ब्रेकवरून हलला नाही. तिचे ओठ उघडले. आता ही म्हणणार, उतरू का. माझी तर पाचावर धारण बसली.

तिने तळहात उचलला आणि सगळा भार टाकून हॉर्नवर दाबला.

काय सांगू! इतक्या महिन्यांचं साठलेलं मी एका दमात बाहेर काढलं. ढिलं बटण आत गेलं ते बाहेर येईना. तिने हात काढला तरी मी चालूच. दुकानांतून माणसं बाहेर आली, वरच्या खिडक्या उघडल्या, साहेब कानात बोटं घालून फाटकाशी आले. नवरा हसत हसत लोकांना काहीतरी समजावत होता. घरचंच आहे, असं काहीतरी. पण त्याचा शब्द कोणाला ऐकू जाईना. शेवटी एक म्हातारी हातातली पिशवी उगारून ओरडली, "ओ इस्त्रीवाले, बाजूला व्हा की! कान फुटले आमचे!"

सगळा रस्ता त्याच्याकडे बघत होता. त्याने माझ्यावरचा हात काढला, शर्ट नीट केला आणि गर्दीतून मागच्या मागे सटकला.

मामांनी बॉनेट उघडून वायर ओढली तेव्हा कुठे मी गप्प झाले. ते घामाघूम होऊन आत बसले. तिने पदराने डोळे पुसले, आरसा सरळ केला आणि म्हणाली, "मी निघते."

निघू का नाही, निघते!

परीक्षा झाली. साहेबांनी शेवटी विचारलं, "हॉर्न वाजवता येतो ना?"

"येतो," ती म्हणाली.

"ऐकलाय," साहेब म्हणाले, आणि पास लिहिलं.

आता माझं वय झालंय. नवीन हॉर्न बसवलाय, पण तो चिरका आहे, मला आवडत नाही. रोज कोणीतरी नवी शिकाऊ येते आणि माझे गिअर ओरबाडते. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यामागे अडकलात तर क्षणभर दम धरा. पुढे नुसती गाडी बंद पडलेली नसते, आत कोणीतरी पुन्हा चालू करायला शिकत असतं.

परवाचीच गोष्ट. मामांनी मला संस्थेच्या फाटकातच आडवी लावली होती. मागून ब्रेडची गाडी आली आणि तिने हॉर्न वाजवला. मग पुन्हा. मग लांबच लांब.

मामांचं भान सुटलं. खिडकीतून डोकं काढून ते त्या जुन्या बसवाल्या आवाजात गरजले, "अगं ए! किती वाजवशील!"

माझ्या काचा थरथरल्या. मी घाबरून आरशात पाहिलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. ती खिडकीबाहेर वाकली आणि खळखळून हसत त्यांच्याहून मोठ्याने ओरडली, "मामा, गोळी खा!"