न ऐकणाऱ्या ठिपक्याचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला. पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या चामड्यातून मला कापलं, भोकं पाडली, बकल लावलं. दुकानात टांगला गेलो तेव्हाच ठरवलं होतं, एकदा कोणाच्या गळ्यात पडलो की सुटायचं नाही.

पडलो तो ठिपक्याच्या. पांढरंशुभ्र पिल्लू, पाठीवर एकच काळा ठिपका. घरातले वडील हाका मारायचे, मुलं शिट्ट्या वाजवायची आणि हा आपला भिंतीकडे बघत बसलेला. मी त्याच्या कानांच्या अगदी खाली, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मला उमगलं की हा ठार बहिरा आहे. पण पट्ट्याला विचारतो कोण?

"हा अजिबात ऐकत नाही," असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. रोज त्यांचा आवाज चढत गेला. माणसांची ही एक गंमतच आहे, समोरच्याला कळलं नाही की तेच वाक्य मोठ्याने म्हणतात. शेवटी मला धरूनच त्यांनी ठिपक्याला गाडीत कोंबलं आणि कुत्र्यांच्या कोंडवाड्यात नेऊन सोडलं.

तिथून एका निवृत्त शिक्षिकेने त्याला घरी नेलं. बाई प्रेमळ होत्या. "लाडाने सांगितलं की ऐकेल," म्हणायच्या. एका दुपारी तो गाढ झोपलेला असताना त्यांच्या नातीने मागून मिठी मारली. तो दचकून उठला आणि तिला दात लागला. ओरखडाच होता, पण घरात रडारड झाली. पुन्हा मला धरून त्याला परत आणलं.

कोंडवाड्यातले डॉक्टर वाईट नव्हते, थकलेले होते. "दोनदा परत आलाय, वर चावतो," ते म्हणाले. "याला आता कोण नेणार? उद्या इंजेक्शन देऊ." मी शब्द न् शब्द ऐकला आणि पुरता हबकलो. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, तो शांत झोपला होता.

तेवढ्यात तीन पायांची एक कुत्री न्यायला कुत्र्यांचा आश्रम चालवणाऱ्या मावशी आल्या. म्हातारी, आंधळी, चावरी, कोणालाच नको असलेली कुत्री त्यांच्या आश्रमात शेवटपर्यंत राहतात. त्या आत शिरल्या आणि कोणाच्या तरी हातून थाळ्यांची चळत खाली कोसळली. सगळी कुत्री भुंकत उठली. ठिपक्या घोरतच होता.

मावशी जाळीपाशी वाकल्या.

"डॉक्टर, हा ऐकत नाही."

"तेच तर सगळे सांगतात."

"तसं नव्हे हो. याला ऐकूच येत नाही."

डॉक्टरांनी ठिपक्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग पुन्हा वाजवली. "माझ्याही लक्षात आलं नाही," ते पुटपुटले. "पण मावशी, बहिरा आणि त्यात चावरा. पुढे याला कोणी घेणार नाही."

"मग राहील की माझ्याकडेच. दोघांनाही नेते."

आश्रमात पहिल्याच आठवड्यात तो मावशींनाही चावला. हाताला पट्टी बांधत त्या म्हणाल्या, "चूक माझी. मी मागून आले." तेव्हापासून त्या आधी जमिनीवर पाय आपटतात, तो हादरा पोचला की ठिपक्या डोळे उघडतो, मगच त्याला हात लावतात. हात वर केला की यायचं, तळवा खाली केला की बसायचं. त्याला शिकायला वेळ लागला, पण मावशी हटल्या नाहीत आणि तोही हटला नाही.

मग एक जोडपं आलं. "किती शहाणा आहे, आम्हाला द्या ना."

"नाही," मावशी म्हणाल्या. "पुन्हा परत यायला नको, म्हणून आता जायलाही नको."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझं बकल सोडलं. मला राग आला. इतकी वर्षं इमानाने धरून राहिलो आणि आता मीच नको? झाडलोट करणाऱ्या काकांनीही विचारलं, "पट्टा का काढला?"

"पट्टा कुठे तरी न्यायला लागतो, काका. याला आता कुठे न्यायचंय?"

माझा राग तिथेच ओसरला.

आता मी दाराजवळच्या खिळ्याला लटकतोय. तुमच्या घरी असं कोणी न ऐकणारं असेल, तर आवाज चढवण्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहा, एवढंच मागणं आहे. आणि ठिपक्याला न्यायला कोणी आलंच, तर माझं बकल गंजलेलं आहे. ते त्याच्या गळ्यात पुन्हा लागणार नाही, हे मी बघून घेईन.