न चाळलेली राख

मी, मित्रांनो, एक जुनी तारेची चाळणी. कडेचा पत्रा वाकलाय, पोटाला भोक पडलंय, आता माझ्याखाली कोंबडीची पिल्लं झाकतात. हसू नका! एक अख्खी विहीर माझ्या भरवशावर उभी राहायची होती.

आष्टीच्या बाजूचं गाव. आमच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली आणि गावानं तिला आपली विहीर बंद केली. बाया नाल्यात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. म्हणून हरिदास मिस्त्रीनं वस्तीतच विहीर खोदली. पाणीही लागलं. पण सिमेंट तेव्हा सरकारी परमिटावरच मिळायचं. मिळालं ते बांधकामाला पुरणारं नव्हतं. मग त्यानं वीटभट्टीत जळलेल्या धानाच्या कोंड्याची राख आणली. माझ्यातून ती पिठासारखी चाळायची आणि थोडं सिमेंट कमी करून त्या जागी मसाल्यात घालायची. आधी एक गोळा करून त्यानं बादलीत बुडवून ठेवला होता. दगड झाला, दगड! सगळी वस्ती तेव्हा मला हात लावून बघायची. मीही जरा फुगलेच होते.

खालचा घेर बांधून झाला आणि राख संपली. हरिदास ती आणायला वर्ध्याला गेला. इकडं त्याची आई तानाबाई कासावीस. उन्हाळा डोक्यावर, सून कांता पोटुशी, तरी ती नाल्यावरून घागरी वाहत होती.

"राखच पायजे ना? आपल्या चुली काय मेल्या?" तानाबाई म्हणाली. "घरोघरची मूठ पडू द्या वो. विहीर साऱ्याइची हाये."

झालं! लाकडाची, गोवऱ्यांची राख, कोळशासकट, टोपल्या भरभरून आली. मला कुणी निंबाच्या खुंटीवरून काढलंसुद्धा नाही. गड्यांनी ती तशीच उरल्या सिमेंटात कालवून भिंत वर नेली. हरिदास परतला तेव्हा भिंत पुरी झाली होती; त्याला वाटलं, गड्यांना भट्टीचीच राख कुठंतरी उरलेली सापडली असेल.

पहिलं पाणी काढायला कांतानं दोर सोडला आणि वरची भिंत खचली. तानाबाईनं सुनेला दंडाला धरून मागं ओढली म्हणून ती वाचली. विटा, माती, सगळं आत.

हरिदासनं विटेवरचा मसाला चिमटीत धरला. भुगा झाला. आत कोळसा.

"माय, ही राख कुठची?"

"साऱ्या घरची, बाबू."

त्यानं रिकामी पोती झटकून पाहिली. सिमेंटचं एक पोतंही उरलं नव्हतं.

तेव्हा तानाबाईनं मला ओढून काढलं. पडलेला मसाला माझ्यात ओतून ती चाळू लागली. "सिमेंट निघंन! यातच तं हाये!" चाळायची, रडायची, पुन्हा चाळायची. विटेच्या तुकड्यानं माझं पोट फाटलं, तरी तिचे हात थांबेनात.

"माय, काऊन जीव काढून राह्यली? पुरे कर." हरिदासनं तिचे हात धरले.

"पोराइचं पाणी म्याच बुजवलं रे!"

गड्यांनी राडा उपसला. खालचा घेर तसाच उभा होता, कोंड्याच्या राखेचा. त्याची एक वीटही हलली नव्हती. पण त्यावर बांधायला हातात काही नव्हतं. उन्हाळाभर बाया जीव मुठीत धरून शिडीनं खाली उतरल्या आणि घागर घेऊन चढल्या. तानाबाई मात्र शेवटपर्यंत नाल्याचंच पाणी प्यायली.

मित्रांनो, सगळ्या राखा दिसायला सारख्याच. मायेनं आणलेली मूठही आधी चाळा, पाण्यात बुडवून बघा. मी तिथंच खुंटीवर होते हो, नुसता हात लांब करायचा होता.