कोर्बिनियनच्या गळ्यातली घंटा

उन्हाळा आला, गाई डोंगरावरच्या कुरणात गेल्या, आणि कोर्बिनियनच्या लाकडी सुटीघरात उतरलेले हाम्बुर्गचे थीसेनसाहेब रुसून बसले. जाहिरातीत गाईच्या घंटेचा मंजुळ नाद होता. इथे तर माशीही घोंगावत नव्हती.

"जाहिरात तू दिलीस, आता घंटाही तूच वाजव," असं म्हणत वाल्बुर्गानं गोठ्यातली घंटा नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

तेव्हापासून कोर्बिनियन कुंपणाआड वाकून फिरू लागला आणि साहेबांची कळी खुलली. पण रविवार उजाडला. त्या गावात रविवारी दुपारी शांततेची वेळ पाळतात; घर पेटलं तरी लोक कुजबुजतच बोंब मारतात. नेमकी तेव्हाच कोर्बिनियनला शिंक आली आणि घंटा दणाणली.

थीसेनसाहेब तरातरा कुंपणामागे आले. कोर्बिनियनची पाचावर धारण बसली. साहेबांनी त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"रविवार आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "गाय झाली म्हणून काय झालं?"

मग त्यांनी खिशातलं सफरचंद काढून त्याच्या तोंडात दिलं, मानेवर थोपटलं आणि ते निघून गेले.

संध्याकाळी हे ऐकून वाल्बुर्गानं कपाळावर हात मारला. "अरे, 'मी माणूस आहे' एवढं तरी सांगायचंस."

"सांगणार होतो," कोर्बिनियन म्हणाला. "पण शांततेची वेळ होती ना."